क्लब बघण्याचा कार्यक्रम

जिनतला एकाच आठवड्यात दोन मागण्या आल्या. फुटबॉल क्लबांच्या आल्या, भलतं काही मनात आणू नका. कसबा पेठेनं अर्थातच ते आणलं. गल्लीच्या तोंडाशी अनोळखी गाडी थांबली आणि तिच्यातून इस्त्रीचे कपडे घातलेली दोन माणसं मिठाईचा पुडा घेऊन उतरली, की पुढचं पेठ स्वतःच ठरवते, तुम्हाला विचारत बसत नाही. संध्याकाळपर्यंत किराणावाल्यानं जिनतच्या अब्बांचं, मकबूलभाईंचं, अभिनंदनसुद्धा करून टाकलं.

गाडी आली होती नगररोड रेंजर्स या क्लबाची. क्लब वाघोलीचा, नवाकोरा, आणि त्याचा कोच अभिनव हा आयटीतली नोकरी सोडून फुटबॉलच्या मागे लागलेला माणूस. त्याला जिनत गोलकीपर म्हणून हवी होती. त्यानं मोबाईल काढून हिरवंगार टर्फ दाखवलं, फ्लडलाइट दाखवले, दुखणंखुपणं बघायला फिजिओ आहे म्हणाला, पाठीवर नाव छापलेली जर्सी देऊ म्हणाला. ते बघण्याच्या नादात मिठाईचा पुडा जिनतनं उलटाच धरला. मात्र अभिनव प्रामाणिक निघाला. जाता जाता म्हणाला की खेळवण्याची हमी देता येणार नाही, कारण त्यांची पहिली कीपर हिरा आहे, आणि हिरा म्हणजे हिरा आहे.

ही बातमी महिपतीकाकांच्या कानावर जायला किती वेळ लागणार? महिपतीकाका म्हणजे फडके हौद इलेव्हन या पेठेतल्या क्लबाचे कोच, मालक, माळी आणि वेळ पडली तर रेफरीसुद्धा. जिनत फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्यांच्याच गोलमध्ये उभी राहत आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात हजर. मिठाईबिठाई काही नाही. उंबऱ्यातूनच त्यांनी सांगितलं की या वर्षी कॅप्टनची पट्टी जिनतच्या दंडावर, आणि एकही मॅच ती बाहेर बसणार नाही. मग रेंजर्सच्या पुड्यातला पेढा उचलला, खाल्ला, आणि दुकान चुकलंय वाटतं यांचं, असं म्हणून निघून गेले.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच अडलं होतं. जिनतला राज्याच्या संघात जायचं होतं. मागच्या साली निवड शिबिरातून तिला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं. का, ते कुणी सांगितलं नाही. निवडीच्या मॅडमनी नुसती मान हलवली आणि पुढच्या मुलीला बोलावलं. ती मान वर्षभर जिनतच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. या वर्षी शिबिराच्या मुली शहराच्या लीगमधूनच निवडणार होते, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत सही करायची होती. एकदा सही केली की वर्षभर तोच क्लब. पेठेत राहिली तर मॅडमपुढे प्रत्येक मॅच खेळायला मिळणार. वाघोलीला गेली तर टर्फ मिळणार, लाइट मिळणार, आणि बहुधा बाक मिळणार.

मकबूलभाईंचं मत विचारायची गरजच नव्हती. स्वारगेटला त्यांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. पण तरुणपणी ते फडके हौदचे लेफ्ट बॅक, आणि त्यांचा गुडघा अजून जिना चढताना त्या दिवसांची आठवण काढतो. आपण पेठेचे, विषय संपला, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं आणि रस्सा वाढून घेतला.

विषय संपला नाही, कारण सुरय्याबींनी अजून तोंड उघडलं नव्हतं. जिनतच्या अम्मीला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिनं थोरल्या दोन्ही मुलींची लग्नं लावली होती, आणि घर बघण्यात तिचा हात कुणी धरत नसे. तिची रीत ठरलेली. न सांगता जायचं. बैठकीत बसायचं नाही, सरळ स्वयंपाकघरात घुसायचं. पाणी मागायचं आणि ते कोण उठून आणतं ते बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातली थोरली जाऊ धाकटीशी कशी वागते ते बघायचं. याच रीतीनं तिनं बंगला असलेलं एक स्थळ मोडलं होतं आणि दोन खोल्यांचं पत्करलं होतं, आणि त्या दोन खोल्यांतली मुलगी आज सुखात आहे.

"मुलगी वर्षभरासाठी द्यायची," ती म्हणाली, "आणि घर न बघता?"

जिनतला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी हात जोडले. काही उपयोग झाला नाही. दोन्ही क्लब बघायचे ठरले.

आधी घरचा. फडके हौदची प्रॅक्टिस नदीपात्रातल्या मैदानावर चालायची. मैदान कसलं, माती, बारीक खडी आणि मधेमधे जीव धरून राहिलेलं गवत. सुरय्याबी बुरख्याची टोकं सावरत तिथे पोचल्या आणि एकच धावपळ उडाली. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा सांगितला, काकांनी स्वतः रुमालानं खुर्ची झटकली. पाणी तर तिघींनी आणलं. सुरय्याबी खूश झाल्या. मग त्या खेळ बघत बसल्या.

जिनत त्या दिवशी मांजरासारखी उड्या मारत होती. उजवीकडचा बॉल तर तिच्या हातात येऊन झोपायचा. तरी तीन गोल बसले. पहिल्याला सगळ्या ओरडल्या, नशीबच नाही गं. दुसऱ्याला काका म्हणाले, खडीवरून उडाला. तिसऱ्याला कुणीतरी सूर्य डोळ्यांवर आला म्हणालं, आणि सूर्य तेव्हा जिनतच्या पाठीशी होता.

घरी येताना अम्मीनं एवढंच विचारलं, "तिन्ही एकाच बाजूनं गेले ना गं?"

"अम्मी, तुला त्यातलं काय कळतं?" जिनत फटकन बोलली, आणि घरापर्यंत चार पावलं पुढेच चालत राहिली. खरं तर जिनतला तो प्रश्न घुसला होता. पण घुसलेलं मान्य करायचं वय नव्हतं ते.

शनिवारी वाघोली. मेट्रोनं रामवाडी, पुढे बस, आणि बसमध्ये वाघोलीपर्यंत दोघी उभ्या. मैदानाचं फाटक उघडलं आणि जिनत तिथेच थबकली. मोबाईलमध्ये दिसलं होतं त्याहून हिरवं. त्यावर पाऊल टाकायचीसुद्धा तिला चोरी वाटली, चप्पल काढावी की काय असं वाटून गेलं. न सांगता आलेल्या दोन बायका बघून अभिनवची तारांबळ उडाली. तो टर्फ कुठून आणलं ते सांगू लागला. सुरय्याबी टर्फकडे ढुंकून न बघता मुलींचं कपडे बदलायचं ठिकाण विचारत आत गेल्या, नळ सोडून बघितला, दाराची कडी लावून बघितली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या की पाणी मिळेल का. अभिनवनं बोट दाखवलं, तिकडे मशीन आहे, घ्या की. सुरय्याबींच्या कपाळावर बारीक आठी पडली. झालं, जिनतला वाटलं, गेलं हे स्थळ.

तेवढ्यात अभिनवनं तिला गोलमध्ये उभं राहायला सांगितलं.

बाकावर बूट बांधत हिरा बसली होती. यवतमाळची, उंच, हाडापेराची, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारी. तिनं जिनतकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बुटाकडे बघितलं.

बॉल येऊ लागले. जिनतनं पहिला अडवला, दुसरा वरच्यावर ढकलला, तिसरा छातीशी घेतला. अंगात वारं शिरल्यासारखं झालं. टर्फवर पडलं तर लागत नाही, हे तर तिला स्वप्नातही माहीत नव्हतं. मग एक बॉल खालून डाव्या कोपऱ्यात गेला. मग आणखी एक. मग अजून एक, तिथेच.

इथे कुणी नशीब म्हणालं नाही. खडी नव्हतीच, सूर्यावर कुणी ढकललं नाही. जिनतचे कान तापले. आणि बाकावरून हिरा उठली, हातमोजा काढत चालत तिच्याकडे आली. आता ही काहीतरी लागेल असं बोलणार, जिनतनं मनाची तयारी केली.

"बॉल निघायच्या आधीच तू उजवीकडे सरकतं," हिरा म्हणाली. "दर वेळी. काहून?"

उत्तर जिनतच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं. नदीपात्रातल्या गोलच्या डाव्या खांबाशी जमिनीतून सिमेंटचा एक दगड वर आलाय. शाळेत असताना ती त्यावर पडली होती, कोपर फुटलं होतं. तेव्हापासून... आणि बोलता बोलता ती थांबली. तेव्हापासून ती डावीकडे पडतच नव्हती. दगड इथे नव्हता, पण ती त्याला सोबत घेऊन वाघोलीला आली होती.

"मी पण आधी असंच करायची," हिरा म्हणाली. "समोरचीचा चेहरा नको पाहू, ती चेहऱ्यानं फसवते. तिचा बॉलशेजारी टेकलेला पाय पाहा. बोटं जिकडे, बॉल तिकडे. आणि तोवर तू टाच टेकू नको."

ती एवढं सांगूनच गेली नाही. गुडघ्यावर बसून तिनं जिनतची टाच हातानं उचलून धरली आणि मारणारीला ओरडून सांगितलं, मार डावीकडे. बॉल सुटला. जिनतनं अंग झोकून दिलं, डाव्या बाजूला, कितीतरी वर्षांनी. बॉल तिच्या बोटांच्या टोकांना लागून खांबाबाहेर गेला. ती टर्फवर पडल्या पडल्या आकाशाकडे बघत खुळ्यासारखी हसत सुटली. मागच्या साली मॅडमची मान का हलली, ते तिला तिथे आडवी पडलेली असताना कळलं.

परतीच्या मेट्रोत मात्र तिची घालमेल सुरू झाली. हिरा इतकी चांगली, मग आपण खेळणार कधी? आणि न खेळता शिबिरात कोण घेणार? सुरय्याबी खिडकीबाहेर बघत होत्या.

"त्या कोचला पाहुण्याला पाणी देता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण ज्या घरात थोरली जाऊ धाकटीला आपल्या मसाल्याचं प्रमाण सांगते, तिथे मुलगी डोळे मिटून द्यावी."

"आणि काकांचा क्लब?"

"ते माहेर. तिथे तुझ्या करपलेल्या पोळीलासुद्धा खमंग म्हणतात."

रविवारी सकाळी जिनत एकटीच महिपतीकाकांकडे गेली. हे तिनंच सांगायला हवं होतं. काका ओट्यावर बसून बॉलला हवा भरत होते. वाघोलीला सही करतेय, तिनं सांगितलं. पंपाचा आवाज थांबला. मग काका म्हणाले, जा. पण आमच्याविरुद्ध मॅच असेल तेव्हा सगळे बॉल डाव्या कोपऱ्यात येतील, आधीच सांगून ठेवतो.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या पेठेला माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलं?"

काकांनी पुन्हा पंप सुरू केला. "तू रागावून गेली असतीस तर?" ते बॉलकडे बघतच म्हणाले, आणि जिनतनं पटकन त्यांच्या पाया पडून काढता पाय घेतला. वळणावर आल्यावर ती ढसाढसा रडली, आणि मग डोळे पुसून वाघोलीला सही करायला गेली.

मकबूलभाई आठवडाभर लेकीशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी दुकानातून येताना पिशवीतून कोपराला बांधायची गादी घेऊन आले, सीटकव्हरच्या रेक्झिनची, आत फोम, शिलाई दुहेरी. एकच होती, डाव्या हाताची. म्हणजे यांनाही माहीत होतं. जिनतनं गादी बांधून हात वाकवून दाखवला.

आणि मग बाक. लीग सुरू झाली, हिरा खेळत होती, जिनत बसत होती. पेठेला तर विषयच मिळाला. बाकावर बसायला एवढं वाघोलीपर्यंत जायचं, तर आमचा ओटा काय वाईट होता, असं किराणावाला येता जाता विचारायचा. जिनतला झोंबायचं. पण प्रॅक्टिसला हिरा तिला सोडत नव्हती. पाय बघ, टाच उचल, पुन्हा. आधी दहातले दोन अडायचे, मग निम्मे, मग हिराच वैतागून शिव्या द्यायला लागली, आता सोड ना एखादा.

आणि ठरल्याप्रमाणे ती मॅच आली. रेंजर्स विरुद्ध फडके हौद, वाघोलीच्या मैदानावर. आदल्या दिवशी हिरानं अभिनवला सांगितलं की उद्या जिनतला घाला. पेठेतल्या सगळ्या मुली कशा मारतात ते हिला पाठ आहे, माझ्याहून हीच बरी. अभिनव म्हणाला, अगं, उद्या निवडीच्या मॅडम येणार आहेत. हिरा म्हणाली, मला माहीत आहे, मला त्या ओळखतात.

अख्खी पेठ लोटली होती. ढोल आणला होता लोकांनी. मकबूलभाईंना कुठे बसावं कळेना, शेवटी ते मैदानाबाहेर, मधल्या रेषेच्या टोकाला, दोन्ही बाजूंच्या बरोब्बर मधे जाऊन बसले. सुरय्याबी खिम्याच्या समोशांचा डबा घेऊन आल्या होत्या आणि दोन्ही बाकांना सारखे वाटत होत्या. मॅडम टोपी घालून कोपऱ्यात उभ्या. जिनतनं कोपराची गादी दोनदा आवळून बांधली.

शिट्टी झाली, आणि काकांनी शब्द पाळला. फडके हौदचा पहिला बॉल डाव्या कोपऱ्यात. जिनतनं अडवला. दुसरा डाव्या कोपऱ्यात, अडवला. पेठेच्या मुलींना वाटलं चुकून अडला, तिसरा तिकडेच मारला. अहो, अख्खी पेठ वर्षानुवर्षं एक गोष्ट धरून बसलेली, ती अशी एका दुपारी सुटते थोडीच? कॉर्नर आला, डावीकडे. फ्री किक मिळाली, डावीकडे. जिनत दर वेळी टेकलेला पाय बघायची आणि पाखरासारखी जायची. ढोलवाले आधी गप्प झाले, मग त्यांना राहवेना, ते तिच्यासाठीच वाजवायला लागले. मकबूलभाई रेषेवर उभे राहून लेफ्ट, लेफ्ट असं ओरडत होते, कुणाच्या बाजूनं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

रेंजर्सनं एक गोल केला. मग फडके हौदनं एक केला, आणि तो कसा, तर मारणारीचा पाय घसरला आणि बॉल उजवीकडे गेला. जिनत डावीकडे झेपावलेली, उजवं सताड उघडं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला, स्वतःचा गोल झाला असताना.

शेवटी, खेळ संपत आलेला, एक-एक बरोबरी, आणि पेनल्टी फडके हौदला. मारायला आली ती जिनतची लहानपणापासूनची मैत्रीण, शाळेच्या बाकावर शेजारी बसणारी. तिनं उजवीकडे बघितलं, खांदे उजवीकडे वळवले, चेहरा तर अगदी उजवीकडे. जिनतनं चेहरा बघितलाच नाही. टाचा उचललेल्या, नजर जमिनीवर. पाय टेकला. बोटं डावीकडे.

जिनत डावीकडे झेपावली. बॉल दोन्ही हातांवर आदळला, उडाला, आणि ती कोपरावर पडली, रेक्झिनच्या गादीवर, आणि काही म्हणजे काही लागलं नाही. मग तिला एवढंच कळलं की आपल्या अंगावर कुणीतरी येऊन पडलंय आणि ती हिरा आहे.

मॅच बरोबरीत सुटली. मॅडम आल्या, टोपी काढली, आणि शिबिराला ये म्हणाल्या, बस्स. तिथून हिराकडे वळून म्हणाल्या, तू पण.

पेठेची माणसं ढोल आवरत होती तेव्हा काका आले. त्यांच्यामागे सोनू, फडके हौदची नवी गोलकीपर, शाळकरी, जिनतच्याच जागी घेतलेली. काकांनी उजवीकडे मारणाऱ्या पोरीला आधी यथेच्छ बोलून घेतलं. मग घसा खाकरला. सोनूपण डावीकडे पडत नाही, म्हणाले. दगड आहे ना तो तिथे.

दोन महिन्यांनी पुन्हा याच क्लबाशी मॅच होती, आणि ती नदीपात्रात. आज शिकवायचं आणि तेव्हा सोनूनंच आपल्या पोरींचे बॉल अडवायचे? जिनतनं हिराकडे बघितलं. हिरा समोसा खात होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"दगड आधी उपटा, काका," जिनत म्हणाली. मग डाव्या हाताची गादी सोडून तिनं सोनूच्या कोपराला बांधली, तिला गोलमध्ये नेऊन उभं केलं, आणि गुडघ्यावर बसून तिची टाच वर उचलून धरली.